नावाड्याचं काय झालं

“पान गाळलंस तू,” आबा म्हणाले.

माझं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. आबांचे डोळे मिटलेले होते. डावा हात उशीवर उताणा होता आणि त्यात खुपसलेल्या दोन सुयांच्या नळ्यांतून त्यांचं रक्त शेजारच्या यंत्रात जाऊन परत येत होतं. आवाजात राग नव्हता. हवालदारानं रांगेतल्या जवानाच्या शर्टाचं बटण उघडं राहिलंय म्हणून सांगावं, तेवढंच. “नाही आबा, सगळं वाचलं की,” मी म्हणाले, आणि म्हणतानाच कानाच्या पाळ्या गरम झाल्या. “मग त्या नावाड्याचं काय झालं?” आबांनी डोळे उघडले. “खोकला झालता त्याला. होडीवर गेला न्हवं त्यो? त्याला दोन प्रकरणं झाली. घरात कुणी त्याचं नाव काढंना. सून भाकरी थापतीय, तर तीबी एक कमी. कुठं गेला म्हातारा?” पलीकडच्या बेडवर उंब्रजच्या हरणाबाई पांघरूण हनुवटीपर्यंत घेऊन झोपल्याचं सोंग करत होत्या. त्यांनीही मान वळवली आणि त्या माझ्याकडे बघू लागल्या. मी पुस्तकाकडे पाहिलं. दोन प्रकरणं मागं एका पानाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलनं केलेली बारीकशी फुली होती आणि ती मला एकाएकी केवढी तरी मोठी दिसायला लागली.

मला माणसांना कादंबऱ्या सुचवायची सवय आहे. सवय कसली, मिरवण्याची जागाच आहे ती माझी. साताऱ्यात कॉलेजच्या ग्रंथालयात इतकी वर्षं काउंटरवर काढल्यावर समोरच्याच्या चालण्यावरून मी सांगू शकते, ह्याला खुनाची लागेल, हिला घर मोडल्याची. प्राध्यापक येतात, रिटायर झालेले येतात, कॉलनीतल्या बायका फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहितात, संयोगिता मॅडम, काहीतरी खिळवून ठेवणारं सांगा ना, हातातून सुटणार नाही असं. मी सांगते. आठवड्याभरात डोळे तारवटलेला माणूस पुस्तक परत घेऊन येतो आणि म्हणतो, काय दिलंत हो मॅडम हे, भाजी करपली माझी. मला फार बरं वाटतं. पण खिळायचं म्हणजे नेमकं काय होतं, हे मी स्वतः कधीच विसरून गेले होते. मी आधी शेवटचं पान वाचते, मग मधली दोनचार चाळते, मग पुस्तक कोणाला द्यायचं ते ठरवते. हलवायाला पेढ्याची चव कशी लागत असेल, तसं काहीतरी झालं असावं माझं. त्याचं वाईट वाटायचंही राहून गेलं होतं.

आबा म्हणजे माझे सासरे, सुभेदार मानसिंग. पलूसला ऊस, विहीर, दारात तगर, आणि सासूबाई गेल्यापासून त्या घरात ते एकटे. किडन्या गेल्या तेव्हा यशराज, माझा नवरा, त्यांना साताऱ्याला घेऊन आला. आठवड्यातून तीनदा डायलिसिसचं हे यंत्र, सकाळी नेऊन बसवायचं, दुपारी आणायचं. पहिले काही महिने त्यांनी ड्यूटी म्हणून केलं. मग एका सोमवारी सकाळी ते बनियनवर कॉटवर बसून राहिले, भिंतीकडे तोंड करून, आणि म्हणाले, “बास. लय झालं.” रिक्षा दारात घुरघुरत होती. यशराजनं विनवलं, मग ओरडला, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. फौजेत अर्धं आयुष्य बर्फात काढलेल्या माणसाला कोणत्या भीतीनं उठवायचं? डॉक्टरांनी आम्हाला आधीच साफ सांगितलं होतं, हे थांबवलं तर पंधरा दिवस, कदाचित तेवढेही नाहीत. आबांनाही ते ठाऊक होतं. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते, आणि का ते अजून मला कळलेलं नाही, पण म्हणाले, “आबा, मी तिथं गोष्ट वाचून दाखवते. नाही आवडली तर पुढच्या वेळी नका येऊ.” साखरेच्या आजारानं त्यांच्या डोळ्यांपुढची अक्षरं पळायला लागून वर्षं झाली होती. ते भिंतीकडून माझ्याकडे वळले. “गोष्ट जोवर धरंल तोवर येतो,” म्हणाले. “न्हाई धरलं की इचारायचं न्हाई मला.” आणि सदरा मागितला.

तेव्हापासून सकाळी यंत्रापाशी आणि दुपारी ग्रंथालयात. पुस्तक माझ्याकडे राहायचं, घरी त्यांना एक ओळही वाचून दाखवायची नाही, हा करार होता. असा चोखंदळ वाचक मला आयुष्यात भेटला नव्हता. मी आधी माझी हुकमी पुस्तकं काढली. पुण्यातल्या नवराबायकोची एक होती, जिच्यावर साताऱ्यातल्या निम्म्या बायकांनी रात्री जागवलेल्या. अर्ध्या तासानं आबा म्हणाले, “ही दोघं कामाला जात्यात कवा?” मी ती बंद केली. ऐतिहासिक घेतली, तर, “ह्यांचं घोडं दमत कसं न्हाई? चारा कुठं खातंय?” गुप्तहेराची घेतली. खलनायक पिस्तूल रोखून दोन पानं बोलतो तिथं आबांनी हात वर केला. “एवढं बोलून गोळी कोण घालतंय गं? तवर ह्योच मरंल.” अपेक्षा, तिथली टेक्निशियन, सुईची पट्टी बांधता बांधता एवढी हसली की पट्टी पुन्हा बांधावी लागली. मीही हसले. पण रिक्षातून घरी जाताना मी मनातल्या मनात पुढचं पुस्तक शोधायला लागायचे. बाकीच्यांना पुस्तक नाही आवडलं तर ते परत करतात, दुसरं नेतात. इथं नाही आवडलं तर बुधवारी हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसेल आणि मला विचारायचीही मुभा नाही. प्रत्येक वेळी मी अगदी ऐन जागी थांबायचे. कडी वाजते, कोण आलं ते सांगायचं नाही. आबांना ते कळायचं. “टांगून ठिवलंस व्हय,” म्हणायचे. पण यायचे.

आणि गाळायचं म्हणाल, तर ते मी कधी ठरवून सुरू केलं असं नाही. दुपारी काउंटरवर बसून पुढची प्रकरणं नजरेखालून घालायची, कुणी मरतंय असं दिसलं की कोपऱ्यात फुली मारायची, आणि पुढच्या वेळी तिथं आल्यावर ‘मग काही दिवस गेले’ असं पदरचं वाक्य घालून पुढं सरकायचं. आजारी माणसासमोर ती गोष्ट काढायची नसते, एवढं कुणी शिकवावं लागतं का? सांगलीला माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आई रोज सकाळी पेपर त्यांच्याआधी घ्यायची आणि निधनवार्तांचं पान काढून ठेवायची. ते पान भाकरीच्या डब्याखाली जायचं. वडिलांना पातळ पेपर मिळायचा. नातेवाईक यायचे तेही चपला काढतानाच एकमेकांना डोळ्यांनी बजावायचे, आणि मग खोलीत पाऊसपाणी, हळदीचा भाव, कुणाच्या तरी मुलीचं जमलेलं लग्न. एकदा वडिलांनी मला जवळ बोलावलं, आई स्वयंपाकघरात आहे ना ते बघितलं, आणि हळूच विचारलं, “आज कोण गेलं गं?” मी म्हणाले, “कुणी नाही.” “अख्ख्या सांगलीत?” ते म्हणाले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हा मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटतंय. आता हातात हे पुस्तक घेऊन बसलेली मी, तेच पान डब्याखाली सरकवत होते. माझ्या वाचण्यात माणसं दारातून बाहेर पडायची आणि परत यायचीच नाहीत. त्यांच्या बायका रडायच्या नाहीत, पोरं विचारायची नाहीत, नुसती एक भाकरी कमी व्हायची. आबांनी ती मोजली होती. एवढ्या महिन्यांत कुठलंच पुस्तक त्यांना पुरतं का धरत नव्हतं, ते मला त्या क्षणी लख्ख कळलं आणि मला माझी लाज नाही वाटली, मला भीतीच वाटली.

“वाच,” आबा म्हणाले.

“आबा, ते जरा...”

“वाच गं. मी काय ल्हान हाय?”

मी पानं मागं घेतली. कृष्णाकाठच्या एका नावाड्याची गोष्ट होती ती. साधीच, माझ्या हुकमी पुस्तकांच्या फळीवरही नसलेली, जिचं शेवटचं पानही मी बघितलं नव्हतं. तो म्हातारा खोकत खोकत संध्याकाळची शेवटची खेप घेऊन निघतो. बाजारहून परतणाऱ्या बायका आहेत, एक शेळी आहे, कोरी घागर आहे कुणाची तरी. मधल्या धारेत तो वल्हं आत घेतो आणि मागच्या फळीवर टेकून बसतो. बायकांना वाटतं, दमला. त्या आपल्या बोलत राहतात, मिरच्या कशा मिळाल्या, जावेनं काय केलं. होडी नेहमीच्या वाटेनं, नेहमीच्या ओढीनं काठाला लागते. एकेक जण उतरते. येते रं बाबा, म्हणते. शेळी उतरवतात. शेवटची बाई उतरताना त्याच्या खांद्यावर हात ठेवते, बसा निवांत, असं सांगायला, आणि हात तसाच ठेवून उभी राहते. एवढंच. मी ते याआधी चाळलं होतं, फुली मारली होती, वाचलं मात्र नव्हतं. मोठ्यानं वाचताना माझा आवाज मला ऐकू येईना. यंत्रांचा घुंघुं आवाज तेवढा चालू होता. अपेक्षा रक्तदाबाचा पट्टा हातात घेऊन दोन बेडच्या मध्ये थांबली होती. हरणाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. आणि मी नावाड्याच्या खांद्यावरच्या त्या हातापाशी आले, तेवढ्यात आबांचं यंत्र किंचाळायला लागलं.

लाल दिवा लागला. पुस्तक माझ्या मांडीवरून खाली पडलं. मारलं मी ह्यांना, एवढंच माझ्या डोक्यात आलं, वाचून मारलं. अपेक्षा धावत आली, नळीकडे बघितलं, मग आबांकडे, आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला. “आबा, हात सरळ! हात सरळ करा आधी! नमस्कार नंतर करा.” तेव्हा मी पाहिलं. आबांनी दोन्ही हात जोडले होते. डावा कोपर वाकला होता, नळी मुडपली होती, म्हणून यंत्र ओरडत होतं. आबांचे डोळे उघडे होते आणि ते समोर बघत होते, छताच्या जरा खाली, जिथं काहीच नव्हतं. त्यांनी सावकाश हात खाली घेतला. यंत्र गप्प झालं. रक्त पुन्हा फिरायला लागलं. मी खाली वाकून पुस्तक उचललं, आणि मी इतकी वर्षं ज्या वस्तू फळ्यांवर लावत आले, ज्यांच्या पाठीवर आकडे चिकटवत आले, त्यातलीच ही एक आहे, यावर माझा विश्वास बसेना. कुठल्या तरी माणसानं कुठं तरी बसून कागदावर एक म्हातारा मारला होता, आणि सुभेदार मानसिंग त्याला हात जोडत होते.

मग आबा बोलले. माझ्याशी की हरणाबाईंशी, ते कळलं नाही. “तानाजी म्हणून हुता एक. आमच्या पलूसच्या बाजूचाच. बर्फात गेला. सांजच्याला हजेरी झाली, तर हवालदार सवयीनं त्याचं नाव घेऊन बसला. घेतलं अन् थांबला. सगळी लाईन गप. वारं तेवढं. कुणाला काय सुचंना बघा.” त्यांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. पाणी मोजून प्यायचं असतं त्यांना. “माझ्या तोंडातनं निघालं, हाजिर साब. कसं निघालं काय म्हाईत. हवालदारानं बघितलं माझ्याकडं. मला वाटलं आता बोलतोय. बोलला न्हाई. पुढचं नाव घेतलं.” हरणाबाई म्हणाल्या, “लय चांगलं केलंसा.” आबा म्हणाले, “नाव गाळून पुढं गेला असता, तर त्या राती कुणी जेवलं नसतं.” यशराजचं आणि माझं लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. यशराजनंही ऐकलेली नाही, हे मला घरी गेल्यावर कळलं. तो ताटावर हात तसाच ठेवून ऐकत राहिला.

“आता फुढं वाच,” आबा म्हणाले. “आन् एक. आधी घरनं वाचून यायचं न्हाई. मला कळतंय. आदुगर वाचलेलं वाचतीस तवा तू पोस्टमनवानी वाचतीस. माझ्यासंगं वाच.”

मी कबूल झाले. सोपं नव्हतं ते. दुपारी काउंटरवर पर्समध्ये पुस्तक असायचं आणि हात तिकडं जायचा. शेवटचं पान न बघता मी पुस्तकात शिरले, याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. नावाड्यानंतर त्या घरात काय काय झालं! थोरला शहराकडे निघून गेला, धाकटा पुलाच्या कामावर लागला, म्हणजे होडीच्याच मुळावर आला, आणि सून, ती एक भाकरी कमी थापणारी, ती एका पहाटे उठून वल्हं हातात घेऊन नदीवर गेली. मला पुढचं माहीत नसायचं, त्यामुळं माझा आवाज अडखळायचा, चुकायचा, घाई करायचा. आबा म्हणायचे, “दमानं, दमानं.” हरणाबाई आता सोंग करत नव्हत्या. त्यांनी अपेक्षाला सांगून आपला बेड आमच्या शेजारीच पक्का करून घेतला होता. कुठलाही संकटाचा प्रसंग आला की त्या आधीच म्हणायच्या, “आता बघा, मरतंय कोणतरी,” आणि कुणी मेलं नाही तर सुटकेचा श्वास टाकायच्या, आणि मेलं तर मी पानात बोट घालून पुस्तक मिटायचे. मग आबा खूण करायचे. त्या दिवसांत रिक्षात बसवायला त्यांना मनवावं लागलं नाही, पण ते आपणहून उठले, असंही कधी झालं नाही. बनियनवर भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे, मी सदरा पुढं करायचे, ते घालायचे. दर वेळी सदरा पुढं करताना माझा हात जरा थांबायचा. पुस्तकाची उजवी बाजू पातळ होत चालली होती. ती संपली की काय, हा विचार मी करत नव्हते, म्हणजे सारखा तोच करत होते. इतक्या पुस्तकांत बसते मी, पण ह्याच्यानंतर ह्यांना काय वाचून दाखवायचं, ते मला एकही सुचत नव्हतं.

शेवटचं प्रकरण आलं तो शुक्रवार होता. शुक्रवारनंतर मध्ये दोन दिवस यंत्र नसतं. शनिवार-रविवार आबांना जड जातात, पाय सुजतात, श्वास अडतो, सोमवारी उठवणं सगळ्यात अवघड. आधीच्या प्रकरणाच्या शेवटी नदीला पूर आला होता. पलीकडच्या मळीत, नदीकाठच्या गाळाच्या रानात, माणसं अडकली होती. काठावर सगळं गाव जमलेलं, पुलाचं काम वाहून गेलेलं, धाकटा ओरडतोय, आणि नावाड्याची सून होडी सोडून पाण्यात गेली होती. मी पान उलटलं. यंत्रावर अजून पुष्कळ वेळ शिल्लक होता. मी ठरवून आले होते. आज टांगून ठेवायचं नाही. नावाड्याला हात जोडणाऱ्या माणसाला गोष्टीचं आमिष दाखवून जगवायचं, हे मला बरं वाटेना. त्यांना शेवट ऐकायचा हक्क आहे. मग सोमवारी जे व्हायचं ते होवो. मी घसा साफ केला आणि प्रकरणाचं पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं, तोच आबांचा उजवा हात, सुया नसलेला, सरकत आला आणि पानावर पडला. खडबडीत, गार, पानाला पुरून उरेल एवढा हात.

“ठिव,” ते म्हणाले. “सोमवारला ठिव.”

“आबा, वेळ आहे. होईल आज.”

“असू दे. ठिव म्हणतोय न्हवं.”

“आवं सुभेदार, असं काय करताय!” हरणाबाई उठूनच बसायला निघाल्या. “ती बाय पाण्यात हाय आन् तुमी ठिव म्हणताय! माझ्या जिवाला घोर लागंल की.”

“सोमवारी या मग,” आबा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या डाव्या हाताची शीर, यंत्राला जोडायला डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनं मोठी केलेली, कातडीखाली थरथरत होती. पलूसला विहिरीवरची मोटर चालू आहे का ते बघायला पाइपाला हात लावतात, तसा मी त्या शिरेला अलगद हात लावला. चालू होती. मी कितीतरी वेळ हात काढला नाही, आणि आबांनीही काढ म्हटलं नाही.

पुस्तक त्या दिवशी आबांनी मागून घेतलं. त्यांच्या खोलीत, फौजेच्या काळ्या ट्रंकेवर, टोपीखाली ठेवलं. त्यांना ते वाचता येत नाही, मला हात लावायची परवानगी नाही. शनिवारी ते सुजले. रविवारी जेवले नाहीत. दुपारी घर शांत झाल्यावर मी त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ते झोपलेले दिसत होते. टोपीखालून पुस्तकाचा कोपरा दिसत होता, आणि मला, चाळीस उलटलेल्या बाईला, ते पळवून न्यावंसं वाटलं, न्हाणीघरात कडी लावून वाचावंसं वाटलं. पाण्यात ती आहे, आणि काय झालंय ते त्या ट्रंकेवर छापून तयार आहे, आणि आम्ही दोघं ह्या खोलीत ते न जाणता श्वास घेतोय. मी लहानपणी सांगलीला माडीवर पुस्तक घेऊन बसले की जेवायला बोलावलेलं ऐकू यायचं नाही, ते अंगातलं भरून येणं एवढ्या वर्षांनी तसंच्या तसं परत आलं आणि माझे डोळे भरले. “काय पायजे?” आबा डोळे न उघडता म्हणाले. “काही नाही,” मी म्हणाले. “पुस्तकाला हात लावू नगंस,” ते म्हणाले.

सोमवारी सकाळी मी सदरा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. कॉट रिकामी होती. चादर फौजी घडीत बसवलेली. भिंतीकडे तोंड करून कुणी नव्हतं. ट्रंकेवर टोपी नव्हती, पुस्तकही नव्हतं. बाथरूमचं दार उघडंच होतं. मी यशराजला हाक मारली आणि अनवाणी बाहेर धावले. फाटकाशी रिक्षा उभी होती. आत आबा बसले होते. दाढी केलेली, हनुवटीला एके ठिकाणी कापलेलं, पांढरा सदरा वरच्या बटणापर्यंत लावलेला, डोक्यावर टोपी, सुजलेले पाय चपलेत कसेबसे कोंबलेले, आणि मांडीवर पुस्तक, त्यावर दोन्ही हात. श्वास लागला होता त्यांना. मला बघून ते खेकसले.

“अगं, चल की लवकर. ती बाई अजून पाण्यात हाय.”